साखळीला बांधलेले कुत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांतील वस्त्यांवर कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्यांसाठी आम्ही काही स्वयंसेवक काम करतो. फोनवर, टपरीवर आणि बहुतेक वेळा थेट बांधावर उभे राहून लोक जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर दिले की ऐकणारा घाईघाईने भलतेच काहीतरी करून बसतो, असा आमचा अनुभव आहे.

कुत्रा बांधणे म्हणजेच क्रूरता, असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही. पाहुणे आले, फाटक उघडून ट्रॅक्टर आत घ्यायचा आहे, डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले आहेत, अशा वेळी तासाभरासाठी कुत्रा बांधण्यात काहीच गैर नाही. बांधलेले असणे हीच कुत्र्याची कायमची स्थिती होऊन बसते, तिला आमचा आक्षेप आहे. पिल्लू दोन महिन्यांचे असताना रस्त्यावर जाईल, गाडीखाली येईल, या काळजीपोटी बांधले जाते आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण मोठे झाल्यावर सोडू म्हणता म्हणता ते मोठे होते, अंगात जोर येतो, सोडले की उधळते, आणि उधळते म्हणून पुन्हा बांधले जाते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक साखळ्यांची कहाणी एवढीच आहे. मालकाला ‘शेवटचा कधी सोडला होता?’ असे विचारले की तो जरा थांबतो आणि घरात हाक मारून बायकोला विचारतो.

साखळीने कुत्र्याचे नेमके काय बिघडते?

आधी शरीराचे पाहू. पट्ट्याखालचे केस जातात, कातडी जाड आणि काळी पडते, कधी चिघळते. चालणे नसल्यामुळे नखे वाढून आत वळतात, कडक जमिनीवर पडून पडून कोपरांना घट्टे पडतात आणि काही कुत्रे साखळी चावून चावून दात झिजवून घेतात. गोचिडांचा त्रास तर बांधलेल्या कुत्र्याला दुप्पट होतो, कारण गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत किंवा मातीत अंडी घालते. मोकळा कुत्रा बसण्याची जागा बदलतो, तर बांधलेला कुत्रा पुढच्या पिढीच्या गोचिडांसाठी त्याच जागी हजर असतो. आपण झोपतो तेथे घाण करणे कुत्र्याला मुळात आवडत नाही, पण सहा फुटांच्या साखळीवर त्याला दुसरा पर्यायच नसतो.

मनाचे नुकसान अधिक खोल असते. मोहोळच्या बाजूला एका वस्तीवर आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा कुत्रा दिसण्याआधी त्याचे रिंगण दिसले. लिंबाच्या बुंध्याभोवती साखळी पोहोचेल तेवढी जमीन खळ्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्या रिंगणात गवताची एक काडी नव्हती आणि रिंगणाबाहेर घोटाभर हिरवळ होती. पाण्याचे जर्मनचे पातेले रिंगणापासून वीतभर लांब उपडे पडले होते, बहुधा साखळीचा हिसका लागून सकाळीच कलंडले असावे. त्या कुत्र्याचे नाव मोती. मालकाच्या संमतीने आम्ही साखळी काढली, तरी मोती अर्धा तास त्याच रिंगणात फिरत राहिला. हिरवळीच्या कडेपर्यंत यायचा, थांबायचा, मान खाली घालून वळायचा आणि पुन्हा तीच फेरी धरायचा.

बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, हे तरी खरे ना?

हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. डाळिंबाच्या बागा, द्राक्षबागा, औद्योगिक वसाहतीतील गोदामे, बांधकामाची ठिकाणे, सगळीकडे फाटकाशी एक कुत्रा बांधलेला असतो. थोडा विचार केला तर लक्षात येईल की साखळीचे अंतर मालकाइतकेच चोरालाही ठाऊक असते. विहिरीवरची मोटर मागच्या बाजूने नेली जात असताना पुढच्या फाटकाशी बांधलेला कुत्रा फक्त भुंकू शकतो. आणि तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर, मांजरावर आणि उडणाऱ्या पिशवीवर भुंकत असल्यामुळे, रात्रीच्या भुंकण्याला घरातले कोणी उठतही नाही. लांडगा आला रे आला, अशी त्याची गत होते. विष घातलेला तुकडा समोर टाकला, तर त्याला दूर पळून जाण्याचीही सोय नसते.

आपल्या भागातील मेंढपाळांकडे पाहावे. त्यांचा कुत्रा दिवसभर कळपाबरोबर चालतो, रात्री वाड्याभोवती मोकळा असतो आणि परका माणूस कोणता, ओळखीचा कोणता, हे त्याला नेमके कळते. ज्याने माणसे पाहिलीच नाहीत, त्याला त्यांच्यातला फरक तरी कसा कळणार?

करमाळा तालुक्यातल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही. तेथे २०२० च्या डिसेंबरमध्ये नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालून ठार करावे लागले होते. बिबट्याच्या खाण्यात कुत्रा असतोच आणि उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला दिलेले आमंत्रण असते. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे, तेथे रात्री कुत्रा गोठ्यात किंवा बंद खोलीत घ्यावा. तो वाचतो आणि अंगणात झोपणारी माणसेही वाचतात.

मोकळा सोडला तर तो चावेल, त्याची जबाबदारी कोण घेणार?

भीती रास्त आहे, आणि ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ असे म्हणणाऱ्यांवर आम्हीही विश्वास ठेवत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना केली गेली. अंगणात साखळीने बांधले जाणारे कुत्रे चावणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता २.८ पट आढळली. काही कुत्रे आधीपासून चावरे म्हणूनच बांधले गेले असतील, हे मान्य केले पाहिजे. तरीही कारण समजण्यासारखे आहे. घाबरलेल्या प्राण्यापुढे पळून जाणे किंवा अंगावर जाणे असे दोन मार्ग असतात आणि साखळी त्यातला पहिला बंद करते. त्यात पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना त्याने माणसे, मुले, वाहने, इतर जनावरे पाहिली नाहीत, तर पुढे ती सगळीच त्याला शत्रू वाटतात.

चेंडू आणायला रिंगणात गेलेले लहान मूल हा नेहमीचा बळी असतो. म्हणून कोणताही कुत्रा एका दिवसात मोकळा करा, असे आम्ही कधीच सांगत नाही. आधी कुंपण, मग पट्टा धरून फिरवणे, मग कुंपणाच्या आत मोकळीक, असा क्रम ठेवावा लागतो आणि त्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. दंश झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद, चुना किंवा तिखट काहीही भरू नये आणि लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचा पूर्ण क्रम घ्यावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, त्यामुळे ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात बांधलेल्या कुत्र्यासाठी निदान काय करावे?

मालक आजच्या आज साखळी काढणार नसेल, तरी या चार-पाच गोष्टी आजच करता येतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की कुत्र्याचा जीव त्यांवरच अवलंबून असतो.

सावली फिरते, ही साधी गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. सकाळी सात वाजता झाडाची सावली पश्चिमेला पडलेली असते. तेथे कुत्रा बांधून घरचे लोक कामावर जातात आणि दुपारी दोन वाजता नेमकी तीच जागा उन्हात असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो आणि भोवतीची हवाच तापलेली असेल तर तोही उपाय तोकडा पडतो. पत्र्याची पेटी किंवा पत्र्याचे छप्पर म्हणजे सावली नव्हे, भट्टी आहे. पत्रा असलाच तर त्यावर पाचट किंवा तुराट्यांचा थर टाकावा आणि खाली गोणपाट भिजवून अंथरावे.

पाण्यासाठी फुटक्या रांजणाचा बुडखा जमिनीत अर्धा पुरावा. तो कलंडत नाही, पाणी थंड राहते आणि खर्च शून्य. पाणी रोज बदलून भांडे घासावे, नाहीतर शेवाळ आणि डासांच्या अळ्या होतात.

कुत्रा जोरजोरात धापा टाकत असेल, तोंडातून चिकट लाळ गळत असेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, चालताना झोकांड्या जात असतील, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आणावे, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधे पाणी ओतत राहावे आणि पंखा लावावा. बर्फाचे पाणी वापरू नये, ओल्या चादरीत गुंडाळूनही ठेवू नये, कारण चादरीच्या आत उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये आणि थोडा शांत झाला की थेट पशुवैद्यकाकडे न्यावे.

शेजाऱ्यांकडे असा कुत्रा दिसतो. बोलायला सुरुवात कशी करावी?

पहिल्या भेटीत साखळी हा शब्दही काढू नये. मोबाइल खिशात ठेवावा, फोटो काढू नये, कायद्याचे नाव घेऊ नये. ‘काका, कुत्रं झकास आहे, नाव काय याचं?’ एवढ्यावर चहा मिळतो. कुत्र्याविषयी मालकाला अभिमान असतो आणि तोच आपल्याला उपयोगी पडतो. दुसऱ्या भेटीत गोचिडांचे औषध किंवा रेबीजची लस मोफत देण्याचे सुचवावे, कारण ‘तुमचे चुकते’ असे म्हणणाऱ्यापेक्षा हातात काही घेऊन आलेल्या माणसाचे ऐकले जाते. तिसऱ्या भेटीत लांब साखळी, हलका पट्टा, सावलीची जागा यांवर बोलावे. चौथ्या किंवा पाचव्या वेळी मालक स्वतःच विचारतो की कुंपणाला जाळी किती लागेल.

निर्णय घरचा पुरुष सांगतो, पण भाकरी घालणारे हात बहुतेक वेळा वेगळे असतात. त्या आजींशी किंवा वहिनींशी बोलल्याशिवाय परत येऊ नये. आमची निम्मी कामे आज्यांनी केली आहेत. बाळे येथील खंडोबाला जाणाऱ्या किंवा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या घरात खंडोबाचा कुत्रा किंवा दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे यांचा विषय आम्हाला काढावा लागत नाही. तो आजीच काढते आणि मुलाकडे बघून काढते.

भाषेचेही ध्यान ठेवावे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारा एक जण बरोबर असला, तर अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांत होते. पेरणी, काढणी किंवा पाण्याची पाळी असलेल्या दिवशी मात्र कोणाच्याही रानात उपदेश करायला जाऊ नये.

रात्री जाऊन साखळी तोडली आणि कुत्रा उचलून आणला तर?

असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो, बहुतेक वेळा कॉलेजच्या मुलांचा. त्यांची तळमळ खरी असते आणि उत्तर ठाम ‘नाही’ असते. कायद्याने कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे. दुसऱ्याच्या आवारात शिरून तो नेणे म्हणजे अतिक्रमण आणि चोरी ठरते आणि क्रूरतेची तक्रार बाजूला राहून गुन्हा तुमच्यावर नोंदवला जातो. दुसरे म्हणजे, मालक आठवडाभरात बाजारातून नवे पिल्लू आणतो आणि त्याच साखळीला बांधतो. एक कुत्रा सुटतो, खुंटी मात्र तशीच राहते. तिसरे, साखळी तोडून नुसते रस्त्यावर सोडून देणे ही तर त्या कुत्र्याला दिलेली शिक्षाच आहे. ज्याने चार वर्षे एक झाड पाहिले, तो महामार्गावर दोन दिवसही टिकत नाही.

कायद्यात काही तरतूद आहे का?

आहे, आणि तिची ताकद व मर्यादा दोन्ही माहीत असाव्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११(१) मध्ये खंड ‘एफ’नुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. खंड ‘जी’ तर खास कुत्र्यांसाठीच लिहिलेला आहे. सवयीने साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर तोही गुन्हा ठरतो. पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे खंड ‘एच’मध्ये येते. पासष्ट वर्षांपूर्वीच्या कायद्यात कुत्र्याच्या फिरण्याचा विचार झाला होता, हे ऐकून अनेक मालक चकित होतात.

मर्यादा अशी की पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज धड नाश्ताही होत नाही. शिवाय हे खंड अदखलपात्र असल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून जुन्या फोटोंवर विसंबून चालत नाही.

तरीही लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत दिनांक, वेळ, साखळीची अंदाजे लांबी, पाणी आणि सावली होती की नाही, जखम असल्यास ती कोठे, हे साध्या भाषेत लिहावे. रस्त्यावरून किंवा स्वतःच्या गच्चीवरून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो जोडावेत. तक्रार कोणाकडे द्यायची हे आधी पाहावे, कारण सोलापूर शहर पोलीस आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण पोलीस ही दोन वेगळी कार्यालये आहेत आणि शहराला लागून असलेली वस्ती ग्रामीणच्या हद्दीत असू शकते. तक्रारीची प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयालाही द्यावी. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे, तिच्याकडेही प्रत जाऊ द्यावी.

विष घालणे, जीव घेणे किंवा अपंग करणे हे प्रकरण वेगळे आहे. त्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराज प्रकरणातील निकालात भूक, अस्वस्थता, वेदना, भीती यांपासून आणि नैसर्गिक वर्तन करण्याच्या बाबतीत प्राण्यांची ‘पाच स्वातंत्र्ये’ मान्य केली आहेत. अर्जात त्या निकालाचा उल्लेख केल्यास अधिकारी अर्ज अधिक लक्षपूर्वक वाचतात.

आमचे मत विचाराल, तर कायदा ही शेवटची पायरी आहे. एकदा पोलीस पाटलाला घेऊन गेलो की त्या घराचे दार आम्हाला कायमचे बंद होते, आणि कुत्रा दाराच्या आतच असतो.

पट्टा मानेत रुतला आहे. आम्ही कापून काढू का?

कृपया काढू नका. लहानपणी बांधलेली सुतळी किंवा तार पिल्लू वाढले तरी तशीच राहते, कातडी तिच्यावर वाढते आणि बाहेरून फक्त केसांत एक घळ दिसते. पहिल्यांदा कळते ते वासाने, कधी त्यात अळ्याही झालेल्या असतात. ओढून काढल्यास रक्तवाहिनी फाटू शकते आणि वेदनेने कुत्रा सर्वांत प्रेमळ माणसालाही चावतो. पट्टा भूल देऊन पशुवैद्यकानेच काढावा. तोपर्यंत साखळी पट्ट्यातून सोडवून छातीभोवती मऊ कापडाची दोरी घ्यावी. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक मुख्यतः गाई-म्हशींसाठी वापरला जातो, पण वस्तीवर गाडी येऊ शकते का, हे विचारायला हरकत नाही. चांगल्या पट्ट्याची खूण एवढीच की त्याखालून आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

साखळीऐवजी काय करावे? आमच्याकडे कुंपणाला पैसे नाहीत.

सर्वांत उत्तम म्हणजे कुंपण घातलेले अंगण. पूर्ण रानाला कुंपण लागत नाही. घराच्या दोन भिंती धरून उरलेल्या दोन बाजूंना पाच-सहा फूट उंच जाळी लावली तरी कुत्र्याला हिंडण्याइतकी जागा तयार होते. खालून उकरणारा कुत्रा असेल, तर जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत गाडून त्यावर दगड ठेवावेत. जुनी जाळी, बागेतून काढलेले अँगल, पडीक खांब यांवर आमची बरीच अंगणे उभी आहेत. शेतकऱ्याकडे अशा वस्तू असतातच, फक्त एक रविवार आणि चार माणसे लागतात.

तेही जमत नसेल तर दोन खांबांमध्ये डोक्याच्या वर जाड तार ताणून तिच्यावर सरकणारे कडे लावावे आणि त्या कड्याला साखळी अडकवावी. तीस फूट तार असेल तर कुत्र्याला तीस फूट धावता येते. साखळीला दोन्ही टोकांना फिरकी असावी, म्हणजे पीळ पडत नाही. तार भिंतीजवळ, विहिरीजवळ किंवा जिन्याजवळ नसावी. भिंतीवरून पलीकडे उडी मारलेला कुत्रा साखळीला लटकून फास बसल्याने मरतो. दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री हे अधिक घडते, कारण आवाजाने बिथरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे झेपावतो. त्या रात्री त्याला घरात घ्यावे. तारेची सोय हा तडजोडीचा उपाय आहे, आणि तो करून दिल्यावर आम्ही त्या घराचे नाव यादीतून काढत नाही.

बाकी, रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवणे हा खर्च नसलेला उपाय आहे आणि तोच करून घेणे सर्वांत अवघड जाते. घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ते काम त्यांच्याकडे सोपवण्यास आम्ही सुचवतो, मात्र कुत्रा ओढाळ असेपर्यंत मोठे माणूस बरोबर असावे.

रानात पूर्ण मोकळा सोडला तर उत्तमच, नाही का?

येथे आमचे आणि काही प्राणिप्रेमींचे पटत नाही. सोलापूरच्या उत्तरेला नान्नज येथे माळढोक अभयारण्य आहे आणि तेथील माळरानावर काळवीट, लांडगे, कोल्हे आहेत. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना आणि काळविटांच्या पाडसांना मोकाट कुत्र्यांचा मोठा त्रास होतो. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जातात. तेव्हा ‘साखळी काढा’ याचा अर्थ ‘मोकाट सोडा’ असा आम्ही घेत नाही. कुंपणाच्या आत मोकळा, कुंपणाबाहेर पट्ट्यावर, लस टोचलेला आणि नसबंदी केलेला, एवढे सगळे मिळून आमचे ‘मोकळा’ होते. हे ऐकायला किचकट वाटते, पण माळावरच्या लांडग्याचाही विचार कोणीतरी करायला हवा.

नसबंदीचा साखळीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. नर मादीच्या वासाने पळतो म्हणून बांधला जातो आणि मादी माजावर आली की दारात नरांची झुंबड नको म्हणून बांधली जाते. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि बांधलेल्या मादीला नरांपासून दूरही जाता येत नाही. मग पिल्ले होतात, वाटली जातात आणि प्रत्येक पिल्लाबरोबर आणखी एक साखळी विकत घेतली जाते. नसबंदीने भटकण्याची ओढ बरीच कमी होते. ‘त्याने राखणीचा स्वभाव जातो’ ही समजूत चुकीची आहे.

सोडवलेल्या कुत्र्याला काय खायला घालावे?

उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नये, थोडे थोडे चार-पाच वेळा द्यावे. केवळ भाकरी आणि ताक यांवर जगलेल्या कुत्र्याला अंडी, मांस किंवा शिजवलेल्या डाळीची जोड लागते. भात, भाकरी बंद करण्याची गरज नाही. द्राक्षे आणि बेदाणे मात्र कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात आणि आपल्याकडे बेदाण्याच्या शेडभोवती कुत्रे फिरत असल्याने हे आवर्जून सांगावे लागते. कांदा, लसूण घातलेला रस्सा आणि चॉकलेटही देऊ नये. लसणाची शेंगा चटणी लावलेली भाकरी त्याच्यासमोर टाकण्याचा मोह आवरावा.

मालकच म्हणतो, ‘एवढा पुळका असेल तर घेऊन जा.’ मग?

रागाने म्हणतो की मनापासून, हे ओळखावे. मनापासून असेल, तर त्याच वेळी साध्या कागदावर कुत्र्याचे वर्णन, तारीख आणि ‘स्वखुशीने देत आहे’ एवढे लिहून सही घ्यावी. नंतर घरातला दुसरा कोणी ‘आमचा कुत्रा चोरला’ म्हणून उभा राहतो, हे आम्ही अनुभवले आहे. न्यायचा तर कोठे ठेवायचा, हे मात्र कुत्रा हातात घेण्याआधी ठरलेले असावे. आमच्याकडे आश्रयस्थान नाही. काही घरे तात्पुरता सांभाळ करतात आणि ती बहुतेक वेळा भरलेली असतात.

इतकी वर्षे बांधलेला कुत्रा घरात रुळतो का?

बहुतेक रुळतात, वेळ मात्र त्यांच्या हिशेबाने लागतो. सुरुवातीला काहींना जिना चढता येत नाही, काही गुळगुळीत फरशीला घाबरतात, काही पंखा सुरू झाला की कोपऱ्यात जातात. पहिले दोन आठवडे एकच खोली, ठरलेल्या वेळा, कमी माणसे आणि जबरदस्तीचे लाड नकोत. तो स्वतःहून जवळ येईपर्यंत बाजूला बसून आपले काम करत राहावे. लहान मूल असलेल्या घरात असा कुत्रा लगेच देणे आम्ही टाळतो.

इतर देशांत यावर बंदी आहे का?

ऑस्ट्रियात २००५ पासून कुत्रा साखळीला ठेवण्यावर बंदी आहे आणि जर्मनीत २०२३ च्या सुरुवातीपासून ती लागू झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिवसातून तीन तासांहून अधिक काळ एका जागी बांधून ठेवता येत नाही. आपल्याकडे तासांची अशी मर्यादा नाही, फक्त ‘अवाजवी’ हा शब्द आहे आणि तो प्रत्येक जण आपापल्या सोयीने वाचतो.

आम्हाला मदत करायची आहे. काय आणावे?

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत यावे, पायात बूट असावेत. पक्कड, पहार, तार, जुनी जाळी, जुन्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांचा नेहमी उपयोग होतो. प्राण्यांमध्ये काम करणाऱ्यांना दंश होण्याआधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेता येते, ती घेऊन आलेल्यांनाच आम्ही कुत्रा हाताळू देतो. बाकीच्यांनी खड्डे खणावेत, त्यालाच माणसे कमी पडतात. मोतीच्या वस्तीवर जाळी लागून सहा महिने झाले, पण तिची एक बाजू पावसाने ढिली झाली आहे, येत्या रविवारी तेथेच जायचे आहे.